जीर्ण कागदाचें पंचीकरण

कलेच्या प्रांतांत एखादी नवी रीत आली म्हणजे तिला नांव काय द्यावें हा प्रश्न प्रथम पडतो, आणि नांव मिळालें कीं तिची परीक्षाहि झाली अशा समजुतीनें लोक पुढें जातात. 'कोलाज' या फ्रेंच शब्दाचें मराठींत असेंच कांहींसें झालें आहे. मूळ शब्दाचा अर्थ अगदीं साधा आहे : डकविणें, चिकटविणें. जुने फोटो, फाटकीं पाठ्यपुस्तकें, पंचांगांचीं पानें, लग्नपत्रिका, आगगाडीचीं तिकिटें हीं कात्रीनें कापावीं, खळ लावून दुसऱ्या कागदावर नव्या क्रमानें बसवावीं, आणि त्यांतून एक चित्र उभें करावें, एवढाच या कलेचा व्याप. साहित्य रद्दीच्या भावानें मिळतें, हत्यार घरांतलें असतें आणि गुरूवांचून अडत नाहीं. तेव्हां सुशिक्षित घरांतील हौशी माणसांस या कलेची गोडी लागली तर त्यांत नवल नाहीं. परंतु जी गोष्ट करण्यास सोपी ती पारखण्यासहि सोपी असते असें मात्र नाहीं. चांगलें कोलाज कोणतें आणि वाईट कोणतें हें सांगण्याची कांहीं कसोटी आपल्याजवळ आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे; आणि ती कसोटी पॅरिस-बर्लिनकडे मागावयास न जातां बीड जिल्ह्यांत, अंबाजोगाईस सांपडते, असें आम्हांस दाखवावयाचें आहे.

या रीतीचा इतिहास सामान्यतः १९१२ सालापासून सांगतात. त्या वर्षीं पिकासोनें वेताच्या विणीचें चित्र छापलेलें मेणकापड आपल्या एका चित्रांत चिकटविलें, आणि ब्राकनें भिंतीस लावण्याचा, लाकडासारखा दिसणारा कागद कापून आपल्या रेखाटनांत बसविला. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनींत कुर्ट श्विटर्सनें तिकिटें, वेष्टनें, जाहिरातींचे तुकडे अशा टाकाऊ कपट्यांतून चित्रें केलीं, आणि हाना ह्योख हिनें मासिकांतील फोटो कापून त्या काळच्या पुढाऱ्यांची व समाजाची थट्टा मांडली. हा इतिहास खरा असला तरी पुरा नाहीं. घरगुती कातरकाम याहून पुष्कळ जुनें आहे. इंग्लंडांत मेरी डिलेनी नांवाच्या बाईंनीं वयाची सत्तरी उलटल्यावर, १७७२ च्या सुमारास, रंगीत कागद कातरून फुलांचीं चित्रें करण्यास आरंभ केला आणि दहा वर्षांत जवळजवळ एक हजार चित्रें पुरीं केलीं. तीं आज ब्रिटिश म्यूझियममध्यें जपून ठेविलेलीं आहेत. पुढें १८५४ नंतर लहान आकाराचे फोटो स्वस्त झाले, तेव्हां तिकडील बड्या घराण्यांतील स्त्रिया आप्तेष्टांचीं मस्तकें कापून तीं रंगवलेल्या पंख्यांवर, फुलदाण्यांवर, क्वचित् पशुपक्ष्यांच्या धडांवरहि बसवूं लागल्या. म्हणजे ज्या गोष्टीला आपण चित्रकारांचें बंड म्हणतों, ती प्रथम दिवाणखान्यांतील करमणूक होती.

आपल्याकडे मात्र या करमणुकीच्या वाटेंत दोन अडचणी उभ्या आहेत. पहिली पुस्तकाची. ज्या घरांत पुस्तकाला पाय लागला तर मूल त्याला हात लावून नमस्कार करतें, जेथें दसऱ्याला पोथ्यापुस्तकांची पूजा होते, आणि जेथें जीर्ण झालेली पोथी रद्दींत न घालतां नदीला अर्पण करण्याची चाल होती, तेथें पुस्तकाला कात्री लावण्यांत नुसती नासधूस दिसत नाहीं, त्याला अधर्माचा वास येतो. दुसरी अडचण फोटोची. भिंतीवरच्या फोटोला हार घातलेला दिसला कीं तो मनुष्य गेला हें पाहुण्यास न विचारतां कळतें, आणि जिवंत माणसाच्या फोटोला कोणी हार घालूं लागला तर घरांतील वडील मंडळी त्याचा हात धरतात. यावरून उघड आहे कीं, आपल्या दृष्टीनें फोटो हा केवळ कागद नसून माणसाच्या जागीं मानलेली वस्तु आहे. तेव्हां पणज्याचें मस्तक कापून सुशोभित चौकटींत भलत्याच धडावर बसविलेलें पाहून आजीच्या पोटांत कालवलें, तर तिला अरसिक म्हणून हंसण्याचें कारण नाहीं.

पण त्याच आजीच्या अंथरुणावरची एक वस्तु पाहावी. मराठवाड्यांत जिला वाकळ म्हणतात ती जुन्या लुगड्यांचीं आणि धोतरांचीं पटकुरें एकावर एक घालून, दोऱ्यानें धांवदोरा भरून शिवलेली असते. लुगडें फाडतांना शिवणाऱ्या बाईस वाईट वाटत नाहीं. कारण ती तें टाकून देत नसते, पुढच्या पिढीच्या अंगावर घालीत असते. वाकळ पांघरणारें मूल तिच्यावर बोट ठेवून हे कांठ कोणाच्या लुगड्याचे आणि हा तुकडा कोणाच्या अंगरख्याचा, हें सांगूं शकतें. कापणें आणि सांभाळणें हीं दोन्ही एकाच हातानें होऊं शकतात, ही गोष्ट आमच्या बायकांस कोणा पाश्चात्य चित्रकारानें शिकविलेली नाहीं. कीर्तनकारहि हेंच करतो. निरूपणांत तो एका संताचा चरण, दुसऱ्याची ओवी, तिसऱ्याची आर्या असे तुकडे जुळवून आपला विषय उभा करतो. परंतु कोणता तुकडा कोणाचा हें तो लपवीत नाहीं, उलट नाममुद्रेसह म्हणून दाखवितो. टी. एस. एलियट याचें 'द वेस्ट लँड' हें १९२२ चें काव्य शिकवितांना, अनेकांच्या ओळींचे तुकडे एकत्र करून काव्य कसें होतें अशी शंका विद्यार्थी घेतात. ज्यानें चांगलें कीर्तन ऐकलें आहे त्यास ही शंका पडूं नये.

आतां जेथें कापणें आहे पण सांभाळणें नाहीं, अशा कामाचाहि नमुना आपल्याच प्रांतांत, पिकासोच्या पन्नास वर्षें आधीं, झालेला आहे. मुंबईंतील विल्यम जॉन्सन या छायाचित्रकारानें मुंबईच्या रहिवाशांवर व तेथें येणाऱ्या परक्यांवर 'ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्स' या नांवानें सुरू होणारा एक ग्रंथ १८६३ व १८६६ सालीं दोन भागांत प्रसिद्ध केला. छायाचित्रांनीं सजविलेला, जातीजमातींची माहिती देणारा असा हा फार आरंभींचा ग्रंथ होय. त्यांतील चित्रें एकसंध वाटतात, पण तशीं तीं नाहींत. माणसांचे समूह स्टुडिओंत बसवून घेतले, त्यांच्या आकृती वेगळ्या काढल्या, आणि मुंबई व आसपासच्या दुसऱ्या वेळीं घेतलेल्या देखाव्यांवर त्या बसविल्या. जोड इतका सफाईचा कीं, हीं माणसें खरोखरच तेथें उभीं होतीं असें वाटावें. चित्राखालीं जातीचें किंवा जमातीचें नांव आहे, माणसाचें नाहीं. जॉन्सनची कारागिरी उत्तम आहे हें कबूल केलें पाहिजे. परंतु त्याच्या कात्रीनें माणसापासून त्याची जागा तोडली, मग त्याचें नांव तोडलें, आणि उरलेल्या आकृतीला 'नमुना' करून टाकलें. सफाईनें केलेलें कोलाज चांगलें असतेंच असें नाहीं, हा धडा येथें मिळतो. उलट आपल्याकडील फोटोग्राफर दिवंगत नवऱ्याच्या जुन्या फोटोवरून त्याची आकृती काढून ती विधवेच्या शेजारीं बसवून देत. तें काम पुष्कळदां ओबडधोबड असे. दोन मुद्रांवर उजेड दोन बाजूंनीं पडलेला दिसे. तरीहि तें चित्र त्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या टिके, कारण त्या जोडणीमागें कोणाला कोणाजवळ बसवावयाचें आहे हें नांवानिशीं ठाऊक होतें.

आतां अंबाजोगाईकडे वळूं. या गांवीं दासोपंतांचें वास्तव्य झालें. त्यांचा काळ शके १४७३ ते शके १५३७ हा होय. त्यांच्या ग्रंथरचनेचा विस्तार इतका अफाट कीं, त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे अशी आख्यायिका आहे. 'गीतार्णव', 'ग्रंथराज', 'पदार्णव' हे त्यांचे ग्रंथ अभ्यासकांस परिचित आहेत. परंतु सामान्य माणसाच्या मनांत त्यांचें नांव एका निराळ्याच वस्तूशीं जोडलेलें आहे. ती म्हणजे पासोडी. पासोडी म्हणजे पांघरावयाचें जाडेंभरडें कापड. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा कापडावर पंतांनीं 'पंचीकरण' हा विषय ओव्यांनीं आणि त्यांच्या जोडीस आखलेल्या आकृत्यांनीं मांडला. ही पासोडी अंबाजोगाईस आजहि जतन केलेली आहे. पासोडीला कोलाज म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. तिच्यावर कांहीं कापलेलें नाहीं, कांहीं चिकटविलेलें नाहीं. पण अंगावर घ्यावयाची वस्तु ग्रंथाचें पान होऊं शकते, आणि अक्षर व आकृति एकाच पृष्ठावर परस्परांस अर्थ देऊं शकतात, या दोन गोष्टी तिनें चारशें वर्षांपूर्वीं सिद्ध केल्या आहेत.

त्याहून महत्त्वाचा आहे तिचा विषय. पंचीकरण ही वेदान्तांतील प्रक्रिया थोडक्यांत अशी : आकाश, वायु, तेज, आप आणि पृथ्वी या पांच सूक्ष्म भूतांपैकीं प्रत्येकाचे दोन समान भाग करावयाचे. एक अर्धा भाग तसाच ठेवावयाचा. दुसऱ्या अर्ध्याचे चार भाग करून ते उरलेल्या चार भूतांना वांटावयाचे. याप्रमाणें जें स्थूल भूत तयार होतें त्यांत अर्धा अंश स्वतःचा आणि प्रत्येकीं एक अष्टमांश याप्रमाणें उरलेला अर्धा इतर चौघांचा असतो. पृथ्वींत आकाशादि चारहि आहेत, तरी अर्धा अंश स्वतःचा असल्यानें तिला पृथ्वी हेंच नांव राहतें. दासोपंतांस यांतून सृष्टीची घडण सांगावयाची होती, चित्रकलेशीं त्यांस कर्तव्य नव्हतें. पुढील उपयोग सर्वस्वीं आमचा आहे. परंतु तोडणें आणि पुन्हां जोडणें यांचा इतका नेमका विचार दुसरीकडे आमच्या पाहण्यांत नाहीं.

त्यावरून कसोटी अशी निघते. कोलाजांतील प्रत्येक तुकड्यानें अर्धें आपलेपण राखलें पाहिजे आणि अर्धें शेजाऱ्यांना दिलें पाहिजे. या मापानें पाहतां चुकीचे दोन प्रकार दिसतात. पहिल्यांत तुकडा कांहींच देत नाहीं. चार फोटो, दोन तिकिटें आणि एक लग्नपत्रिका शेजारीं शेजारीं चिकटविलीं, पण एकाचा दुसऱ्याशीं संवाद झाला नाहीं. ही चिकटवही झाली. ती घरच्यांस प्रिय असेल, पण ती कला नव्हे. दुसऱ्या प्रकारांत तुकडा स्वतःचें कांहींच राखीत नाहीं. जुन्या पुस्तकाचें पान केवळ पिवळसर रंगासाठीं घेतलें, मोडी कागद केवळ वळणदार नक्षीसाठीं घेतला, अनोळखी बाईचा चेहरा केवळ 'जुना काळ' दाखविण्यासाठीं घेतला. येथें तुकडा मेला आणि कपटा उरला. जॉन्सनचीं चित्रें या दुसऱ्या प्रकारांत पडतात. आजचें बरेंचसें हौशी कोलाजहि त्यांतच पडतें, आणि आमचा आक्षेप आहे तो यालाच.

कसोटीस उतरणारीं कामें आपल्या देशांत नाहींत असें नाहीं. अवनीन्द्रनाथ ठाकुरांनीं उतारवयांत मुलांसाठीं रामायणावर 'खुद्दुर जात्रा' हें हस्तलिखित रचलें, आणि त्याच्या पानांवर वर्तमानपत्रांतील जाहिराती व छापील चित्रें कापून लावलीं. जाहिरात जाहिरातच राहते, तिचा बाजारी सूर जात नाहीं. पण रामकथेच्या शेजारीं आल्यानें ती हंसूं लागते आणि कथेलाहि हंसविते. मुंबईंत १९३४ सालीं जन्मलेले भूपेन खख्खर यांनीं १९६५ च्या आपल्या जहांगीर कलादालनांतील प्रदर्शनांत देवादिकांचीं बाजारी छापील चित्रें कापून आपल्या चित्रांत बसविलीं. रविवर्म्यानें १८९४ सालीं मुंबईस छापखाना काढल्यापासून अशीं चित्रें घरोघर गेलीं होतीं, आणि पुष्कळ घरांत त्यांवर कापड, जर, टिकल्या लावून देवतेला वस्त्रें नेसविण्याची हौसहि होती. खख्खरांच्या चित्रांत देव देवच राहिला, पण ज्या भिंतीवर तो आला ती भिंत रस्त्यावरची होती; दोघांच्या संगतीनें भक्तीचा आणि बाजाराचा एक खरा, किंचित् अस्वस्थ करणारा संबंध दिसूं लागला. तिसरें उदाहरण विवान सुंदरम् यांचें. त्यांनीं २००१-०२ मध्यें आपले आजोबा उमरावसिंग शेरगिल यांनीं काढलेले घरचे फोटो संगणकावर जोडून मावशी अमृता शेरगिल हिच्या आयुष्यावर चित्रमाला केली. वेगवेगळ्या काळांतल्या अमृता एकाच खोलींत येतात. आईबाप, बहीण, आरसे यांच्यामध्यें नवीं नातीं उभीं राहतात. येथें नांवें शाबूत आहेत, मूळ फोटो शाबूत आहेत, आणि कापणारा त्याच घरचा आहे. पुस्तकाच्या बाबतींत इंग्रज चित्रकार टॉम फिलिप्स याचें 'अ ह्यूमुमेंट' हें उदाहरण घ्यावें. त्यानें १९६६ सालीं मॅलॉकची १८९२ मध्यें निघालेली एक विस्मृत कादंबरी तीन पेन्सांस विकत घेतली आणि तिचें पान न् पान रंगवून, मधले निवडक शब्द तेवढे उघडे ठेवून, तिच्या पोटांतून निराळीच कथा काढली. या कामावर त्याचीं पुढचीं पन्नास वर्षें गेलीं. मॅलॉकची भाषा त्यांत अर्धी जिवंत आहे. शिवाय ती कादंबरी छापील असल्यानें तिच्या इतर प्रती राहिल्याच. एका प्रतीच्या जाण्यानें जगाचें कांहीं बुडालें नाहीं.

हा शेवटचा मुद्दा बीडसारख्या जिल्ह्यांत अत्यंत निकडीचा होतो. हा जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. अंबाजोगाईचें सरकारी नांव तेव्हां मोमिनाबाद होतें. राज्यकारभाराची भाषा उर्दू, १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाच्या शिक्षणाचें माध्यमहि उर्दू. सावकारी, वतनदारी व घरगुती व्यवहारांतले जुने कागद मोडी. आणि पोथ्या बाळबोध. एका माळवदाच्या घरांतील एका पेटींत या तीनहि लिप्या एकत्र असणें साहजिक होतें. पुढें राज्य बदललें, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, शाळांची भाषा बदलली, मोडी शिकविणें बंद पडलें. आणि नातवंडांना आजोबांची पेटी वाचतां येईना. जें वाचतां येत नाहीं तें रद्दी, असा न्याय लागूं लागला. म्हणून येथील रद्दी इतर ठिकाणच्या रद्दीसारखी नाहीं. पुण्या-मुंबईस रद्दींत निघालेलें पुस्तक बहुधा शेंकडों प्रतींपैकीं एक असतें. येथील गठ्ठ्यांत निघालेला मोडी कागद हा जगांतील एकुलता एक असण्याचा संभव मोठा. राजवाड्यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड छापला तो वाईस मिळालेल्या अशाच जुन्या दप्तरांतील कागदांच्या बळावर. त्या दप्तरावर त्यांच्या आधीं कोणा हौशी कलावंताची कात्री चालली असती, तर एक सुंदर भिंत सजली असती आणि पानिपतच्या पत्रव्यवहाराला आपण मुकलों असतों.

फोटोंचेंहि तसेंच आहे. ज्या जिल्ह्यांतून दरसाल ऊसतोडीसाठीं हजारों कुटुंबें बिऱ्हाड पाठीवर घेऊन बाहेर पडतात, तेथें फोटो सांभाळणें ही चैन असते. कित्येकांच्या घरीं मागच्या पिढीचा एकहि फोटो नाहीं. ज्यांच्या घरीं तो होता त्यांच्यापैकीं कोणाचा पिढीगत ऐवज विकला गेला, कोणाचा १९४८ च्या उलथापालथींत मागें राहिला. बाजारांत आलेल्या अशा फोटोला 'बेवारशी' म्हणतात. पण वारस नाहीं आणि वारसाला पत्ता नाहीं, या दोन गोष्टी एक नव्हेत. जुन्या फोटोच्या जाड पुठ्ठ्यावर स्टुडिओचें नांव छापलेलें असतें, मागें कोणीं शाईनें नांव, गांव, लग्नाची तिथि लिहिलेली असते. चित्र नीट बसावें म्हणून कलावंत प्रथम हा पुठ्ठाच छाटतो. म्हणजे ज्या अर्ध्या भागानें तो तुकडा स्वतःचा राहावयाचा, नेमका तोच भाग केरांत जातो.

यावर कोणी म्हणेल, मग ही कला करूंच नये काय? आमचें म्हणणें तसें मुळींच नाहीं. कपाटांत कसर खात पडलेला कागद पुण्यवान् आणि चित्रांत आलेला कागद पापी, असें मानणारे आम्ही नव्हे. न पाहतां जपलेली वस्तुहि एक प्रकारें मेलेलीच असते. फक्त कांहीं पथ्यें पाळावीं. हस्तलिखित, मग तें वाचतां येवो वा न येवो, कापूं नये. त्याचें छायाचित्र घ्यावें आणि त्या प्रतीवर कात्री चालवावी. फोटोच्या बाबतींतहि हेंच; आणि मागच्या बाजूचा मजकूर आधीं उतरून घेऊन चित्राच्या पाठीवर लिहावा. छापील पुस्तक कापावयाचें तर त्याच्या इतर प्रती आहेत याची खात्री करून घ्यावी. टिकाऊपणाचा विचारहि कलेचाच भाग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाच्या लगद्याचा, तुरटी आणि राळ घातलेला कागद सर्वत्र आला; त्यांतील आम्लामुळें तो पिवळा पडतो आणि हातांत मोडतो. चिंध्यांपासून केलेला जुन्नरी किंवा दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद त्यामानानें कितीतरी अधिक टिकतो. हे दोन एकत्र डकविले तर दुबळा आपला रोग सबळाला देतो. साधी गव्हाच्या पिठाची खळ चांगली. कसर लागूं नये म्हणून बाइंडर लोक तींत मोरचूद घालीत, पण तसली खळ आणि रबराचें सोल्यूशन हीं दोन्ही फोटोपासून दूर ठेवलेलीं बरीं.

हीं पथ्यें कलेला जाचक होतील, स्फूर्तीचा वेग अडेल, अशी तक्रार होण्याजोगी आहे. आमचा अनुभव उलट आहे. ज्याला नांव शोधावें लागतें त्याला गोष्ट सांपडते. फोटोमागचें गांव वाचल्यावर, उर्दू पाठ्यपुस्तकाचें पान शेजारच्या वृद्ध गृहस्थांकडून वाचवून घेतल्यावर, मोडी कागद हा धान्याचा हिशेब आहे कीं सोडचिठ्ठी आहे हें समजल्यावर, ते तीन तुकडे एकमेकांजवळ कसे बसवावे याचा विचार डोळ्यांपुरता राहत नाहीं. नुसत्या रंगावरून जुळविलेलें चित्र एकदां पाहून संपतें. जाणून जुळविलेलें चित्र घरांतील माणसांना बोलावयास लावतें. बीड जिल्ह्यांतील एका शाळेनें वा एका कुटुंबानें जरी अशा रीतीनें आपली पेटी उघडली, वाचली आणि मग जोडली, तरी त्यांतून निघणारें चित्र परदेशी चित्रसंग्रहांकडे पाहून केलेल्या शंभर अनुकरणांहून मोलाचें ठरेल.

पासोडीचें कापड चार हिवाळ्यांत विरून जावयाचें होतें. त्याच्यावर कोणीं तरी जाणून, विचार करून, स्वतःच्या नांवानें कांहीं लिहिलें, म्हणून तें टिकलें. जुन्या वस्तु नुसत्या न वापरल्यानें वांचत नाहींत आणि वाटेल तशा वापरल्यानेंहि वांचत नाहींत. त्यांचें अर्धेंपण त्यांच्याकडे ठेवून बाकीच्या अर्ध्याचा उपयोग करणारा हात त्यांना मिळावा लागतो; आणि असा हात ज्याचा असेल त्याच्या कात्रीला आमचा कांहींएक विरोध नाहीं.